पाणथळीवरच्या पक्ष्यांचा पहिला अभ्यास: प्रश्न, मोजणी आणि तक्ता

‘अमुक तलावावरील पक्षिवैविध्य’ असे शीर्षक धरून कामाला लागले की शेवटी हातात एक यादी उरते. यादी वाईट नसते, पण ६४ जाती नोंदल्या गेल्या त्या तलाव समृद्ध आहे म्हणून की निरीक्षक चिकाटीचा होता म्हणून, हे तिच्यावरून ठरवता येत नाही. पहिल्या अभ्यासाला एक लहान प्रश्न पुरतो. फक्त त्याचे उत्तर मोजून देता आले पाहिजे, आणि ते ‘नाही’ असे आले तरी लिहिण्याजोगे असले पाहिजे.

इथे उदाहरणासाठी असा प्रश्न घेऊ: एकाच पाणथळीत कोणते पक्षी किती खोल पाण्यात चरतात? प्रश्न सोपा दिसतो, पण त्यात ओळख, मोजणी, अधिवासाचे मोजमाप आणि वर्तन असे चारही भाग येतात, आणि महागडे उपकरण काहीच लागत नाही. ‘सकाळी आणि दुपारी चरणाऱ्या पक्ष्यांच्या प्रमाणात फरक पडतो का’ किंवा ‘पाणकणीस दाट असलेल्या काठावर आणि उघड्या काठावर वेगळे पक्षी दिसतात का’ हेही चांगले पर्याय आहेत. ‘प्रदूषणाचा पक्ष्यांवर परिणाम’ हा विषय मात्र पहिल्या खेपेला टाळलेलाच बरा. त्यासाठी अनेक पाणथळी लागतात, पाण्याच्या चाचण्या लागतात, आणि दोन तलावांमधला फरक प्रदूषणामुळे आहे की आकारामुळे, हे दोनच तलाव पाहून सांगता येत नाही.

जागा आधी रिकाम्या हाताने पाहा

पाणथळ म्हणजे फक्त तलाव नव्हे. १९७१च्या रामसर कराराच्या व्याख्येत दलदल, नदीकाठ, खाजण, माणसाने बांधलेले जलाशय आणि ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा खोल नसणारे समुद्राचे पाणीही येते. अभ्यासासाठी मात्र लहान जागा निवडावी. ३ ते १० हेक्टरची, काठावरून बहुतेक पाणी दिसेल आणि दीड-दोन तासांत पूर्ण मोजून होईल अशी जागा उत्तम.

खरी मोजणी सुरू करण्यापूर्वी दोन सकाळी नुसत्या जागा समजून घेण्यात घालवाव्यात. सूर्य कुठून येतो, कोणता काठ कोरडा राहतो, गुरे आणि कुत्री कधी येतात, मासेमारीची जाळी कुठे असतात, हे पाहावे. निरीक्षणाची ठिकाणे याच फेऱ्यांत ठरतात. प्रत्येक ठिकाणी सूर्य पाठीशी असला पाहिजे, कारण प्रकाशाकडे तोंड करून पाहिले की सगळी बदके काळी दिसतात. पाण्यापासून थोड्या उंचीवर, बांधावर उभे राहता आले तर मागच्या रांगेतले पक्षीही दिसतात. दोन ठिकाणांची दृश्यक्षेत्रे एकमेकांत मिसळू देऊ नयेत. सीमा म्हणून ठळक खुणा घ्याव्यात: एकटे झाड, विजेचा खांब, बांधाचे टोक. प्रत्येक क्षेत्राचा कच्चा नकाशा काढून त्याच्या प्रती करून ठेवाव्यात, मोजणीच्या दिवशी त्यावरच खुणा करायच्या असतात.

परवानगीची चौकशीही याच टप्प्यावर करावी. जागा खाजगी असेल तर मालकाची, संरक्षित असेल तर वनखात्याची, जलाशय असेल तर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची. परवानगी तोंडी मिळाली तरी नाव आणि तारीख टिपून ठेवावी. पक्षी पकडणे, ओळखीसाठी त्यांच्या पायात कडी घालणे, घरट्यातली अंडी हाताळणे या गोष्टींना वेगळे परवाने आणि प्रशिक्षण लागते, म्हणून पहिल्या अभ्यासाची आखणी त्यांच्याशिवायच करावी.

दुर्बीण, स्कोप, काठी

दुर्बीण ८×४२ घ्यावी. पहिला आकडा मोठेपणाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. ४२ला ८ने भागले की ५.२५ मिमी येतात. डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत तेवढा रुंद, म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ. १०×४२ने पक्षी मोठा दिसतो, पण हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि दिसणारे क्षेत्र आकसते. थवे मोजताना हे क्षेत्रच कामाला येते.

पाणथळीवर खरा फरक पडतो तो २०–६० पट मोठे करणाऱ्या स्पॉटिंग स्कोपने. मोजणी नेहमी २० ते ३० पटीवरच करावी. ६० पट फक्त एखाद्या पक्ष्याची ओळख पटवण्यासाठी. ऊन चढले की चिखलावरची हवा थरथरू लागते, आणि मोठेपणा जितका जास्त तितकी ती थरथर जास्त दिसते. हलका ट्रायपॉड वाऱ्यात डुलतो, तेव्हा त्याच्या मधल्या हुकाला पाण्याची बाटली किंवा पिशवी टांगावी.

याशिवाय हात-मोजणीयंत्र, शक्यतो दोन, म्हणजे दोन जाती एकाच वेळी मोजता येतात. पेन्सिल, कारण ओल्या कागदावर शाईचे पेन दगा देते. आणि दीड ते दोन मीटरची काठी किंवा पीव्हीसी पाइप, दर ५ सेंटिमीटरला रंगाची खूण केलेली. मऊ गाळात काठीचे टोक खाली जाते आणि खोली खरीपेक्षा जास्त भरते, म्हणून टोकाला तळहाताएवढी पत्र्याची किंवा प्लास्टिकची चकती पक्की करावी. हा बारकावा बहुतेक जण विसरतात.

ओळख: अभ्यासाआधीची तयारी

मोजायला लागण्याआधी त्या जागेवर नेहमी येणाऱ्या २५–३० जाती न अडखळता ओळखता यायला हव्यात. वारकरी, टिबुकली, शेकाट्या, राखी बगळा हे सोपे. अडचण होते ती तुतवार, टिलवे, चिखल्या अशा काठाने चिखलात चरणाऱ्या लहान काठपक्ष्यांची आणि बदकांच्या माद्यांची. तुतवारांमध्ये पिसांच्या रंगापेक्षा पायांचा रंग, उडताना दिसणारी पाठ आणि आवाज भरवशाचे. हिरव्या तुतवाराच्या पंखांची खालची बाजू गडद असते आणि ठिपकेवाल्या तुतवाराची फिकट, ही एकच खूण बरेच घोळ मिटवते. बदकांच्या नरांकडे शरद ऋतूत पाहून निष्कर्ष काढू नका. विणीनंतर पिसे बदलताना बऱ्याच जातींचे नर काही काळ मादीसारखे दिसतात, त्यामुळे ‘सगळ्या माद्याच आहेत’ अशी नोंद त्या काळात संशयास्पद ठरते. अशा वेळी चोचीचा आकार पाहावा. थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच कोणत्याही पिसाऱ्यात लपत नाही.

न ओळखलेला पक्षी ‘लहान तुतवार, अनोळखी’ किंवा ‘बदक, अनोळखी’ म्हणूनच लिहावा. अंदाजाने जात लिहिली तर ती चूक नंतर शोधून काढता येत नाही. अनोळखी हे प्रमाण एकूण मोजणीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त होऊ लागले, तर अभ्यासाचा एकक बदलावा: जातींऐवजी ‘लहान काठपक्षी’, ‘लांब पायांचे काठपक्षी’, ‘वरवर चरणारी बदके’, ‘बुडी मारणारे पक्षी’ असे गट करावेत. आपल्या प्रश्नाला गटही चालतात.

मोजणी

सगळ्यात जास्त शिस्त इथे लागते. आकड्यांना अर्थ येतो तो दर वेळी तीच ठिकाणे, तोच कालावधी, तीच पद्धत ठेवल्याने.

सूर्योदयानंतर सुमारे अर्ध्या तासाने सुरुवात करावी. त्याआधी बगळे, पाणकावळे रातथाऱ्यावरून निघत असतात आणि चरायच्या जागी स्थिरावलेले नसतात. उन्हाची थरथर सुरू होण्याआधी संपवावे. खाडी किंवा समुद्रकाठचा चिखल असेल तर घड्याळ बाजूला ठेवून भरती-ओहोटीच्या वेळा धराव्यात. ओहोटीला पक्षी चिखलभर पसरून चरतात, भरतीला उंच कोरड्या जागी गोळा होऊन बसतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. रोज सकाळी सातला गेलात, तर एक दिवस चरणारे पक्षी मोजाल आणि आठवड्याने झोपलेले.

ठिकाणावर पोचल्यावर ५ मिनिटे काहीच करू नये, तुमच्या येण्याने दचकलेले पक्षी तेवढ्यात बहुधा पुन्हा चरू लागतात. मग स्कोप डाव्या सीमेवरून उजवीकडे एकदाच, सावकाश फिरवावा. प्रत्येक पक्षी नजरेखाली आला त्या क्षणी काय करत होता, तेवढेच लिहायचे: चरतो, विसावतो, पिसे साफ करतो, सावध उभा आहे. ‘थोड्या वेळाने चरू लागला’ हे लिहायचे नाही. चरणारा पक्षी हालचालीमुळे आधी डोळ्यांत भरतो आणि झोपलेला सुटतो, म्हणून कोपरान्‌कोपरा सारख्याच वेगाने पाहावा. एका ठिकाणी १५ मिनिटांत असे दोन फेरे, मध्ये ५ मिनिटांची उसंत. दोन्ही फेऱ्यांचे आकडे वेगवेगळे लिहावेत, बेरीज करू नये, कारण पक्षी तेच असतात.

ठिकाणांचा क्रम दर वेळी बदलावा. नेहमी १ पासून ५ पर्यंत गेलात, तर ५ नंबरचे ठिकाण नेहमीच उशिरा मोजले जाईल आणि तिथे पक्षी कमी दिसले तर ते जागेमुळे की वेळेमुळे, हे सांगता येणार नाही. पहिले ठिकाण चिठ्ठी टाकून ठरवले तरी पुरे.

मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी थव्याच्या कडेचे १० पक्षी मोजा, १० पक्ष्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत बसवा, मग तेवढे तुकडे थव्यावर टाकत जा. हजाराच्या वरच्या थव्याला १०० चा तुकडा घ्यावा. थवा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो. तुकडा फक्त कडेवरून ठरवला तर एकूण आकडा कमी येतो, फक्त मधून घेतला तर जास्त. म्हणून दोन्हीकडचे तुकडे घेऊन पाहा. नवखे निरीक्षक मोठे थवे सहसा कमीच मोजतात. स्वतःची चूक किती आहे हे कळायला थव्यांची छायाचित्रे घ्या, आधी अंदाज लिहा आणि मग संगणकावर ठिपके देत मोजा. अशा २०–३० छायाचित्रांनंतर तुमचा कल कमीकडे आहे की जास्तीकडे, ते स्पष्ट होते. नोंदीत ‘मोजले’ आणि ‘अंदाज’ असा फरक ठेवावा.

वारा बोफर्ट मापनावर ४ किंवा जास्त असेल, म्हणजे बारीक फांद्या हलत असतील आणि धूळ उडत असेल, तर मोजणी पुढे ढकलावी. धुके आणि पावसातही तसेच. पक्षी तेव्हाही असतात, पण आडोशाला जातात, आणि तुमच्या आकड्यात हवामान शिरते.

लव्हाळ्यात दडणाऱ्या फटाकड्या, पाणलावे यांना ही पद्धत लागू पडत नाही. पाणलावा बहुधा पायाखालून उडाल्यावरच दिसतो. त्यांना प्रश्नातून वगळल्याचे अहवालात स्पष्ट लिहावे. आवाज वाजवून त्यांना बोलावणे पहिल्या अभ्यासात करू नये, विणीच्या काळात तर मुळीच नाही: पक्षी घरटे सोडून प्रतिस्पर्धी शोधायला येतो.

खोली कशी मोजायची

मोजणी संपल्यानंतरच पाण्यात उतरावे, आधी नाही. काठावरून आत जाणाऱ्या ठरावीक रेषा आखाव्यात, प्रत्येक ठिकाणी दोन, आणि त्यावर दर ५ मीटरला काठी टेकवून खोली घ्यावी. पाणी गुडघ्याच्या वर गेले किंवा पाय रुतू लागला की थांबावे. ‘३० सेंटिमीटरपेक्षा जास्त’ एवढी नोंद पुरते. पाण्यातून दिसणारे एक पक्के मापक, म्हणजे खुणा केलेला खांब, काठाजवळ रोवून ठेवला की दर फेरीला सगळी खोली पुन्हा घ्यावी लागत नाही. पातळी ४ सेंटिमीटरने उतरली तर सगळ्या नोंदींतून ४ वजा होतात.

त्यावरून नकाशावर पट्टे आखा: ओला चिखल, ० ते ५ सेंटिमीटर, ५ ते १५, १५ ते ३० आणि त्याहून खोल. हे पट्टे पक्ष्यांच्या पायांशी जुळतात. छोट्या टिलव्याच्या पायाचे खालचे हाड जेमतेम २ सेंटिमीटरचे, शेकाट्याचे १०च्या वर. चिखल्या आणि टिलवे पहिल्या दोन पट्ट्यांत, तुतवार त्याच्या थोडे पुढे, शेकाटे आणखी आत, आणि शेंडी बदकासारखे बुडी मारणारे शेवटच्या पट्ट्यात, असे साधारण चित्र अपेक्षित असते. तुमच्या जागेवर ते तसेच निघते का, हेच तपासायचे आहे.

दूरचा पक्षी नक्की कोणत्या पट्ट्यात आहे हे दिसत नसेल, तर त्याचे पायच मोजपट्टी होतात. पाणी कुठपर्यंत आले आहे ते लिहा: बोटे, अर्धा पाय, सांधा, पोट. पक्ष्याच्या पायात मागे वाकणारा जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो तो खरे तर घोटा असतो. गुडघा पोटाजवळ पिसांत लपलेला असतो. अहवालात ‘गुडघाभर पाणी’ लिहिले तर परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतील.

नोंदीचा तक्ता

एका ओळीत एक जात, एक फेरा, एक पट्टा, एक वर्तन. रकाने असे: तारीख, ठिकाण क्रमांक, फेरा, सुरू व संपल्याची वेळ, निरीक्षक, वारा, ढग (आकाशाचे आठ भाग धरून किती झाकले आहेत), मापकावरची पातळी, जात, संख्या, मोजले की अंदाज, पट्टा, वर्तन, व्यत्यय. व्यत्ययाच्या रकान्यात कुत्रे, माणूस, दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याची घिरटी, जे घडले ते लिहावे. भोवत्या थव्यावरून गेला की सगळे पक्षी उडतात आणि वेगळ्याच पट्ट्यात उतरतात. अशा फेऱ्याची नोंद ठेवावी, पण १० मिनिटे थांबून फेरा पुन्हा करावा.

शून्य लिहायला विसरू नका. एखाद्या पट्ट्यात एकही पक्षी नव्हता ही माहिती आहे. रिकामा रकाना ही माहिती नाही, कारण तो ‘नव्हता’ की ‘पाहिला नाही’ हे महिन्याने कोणालाच आठवत नाही. कागदावरच्या नोंदींचे छायाचित्र जागेवरच घ्यावे आणि त्याच दिवशी त्या संगणकात भराव्यात. जातींची नावे एकाच पद्धतीने लिहा. ‘राखी बगळा’, ‘रा. बगळा’ आणि ‘राखीबगळा’ या संगणकाच्या लेखी तीन जाती असतात.

दोघे असाल तर एकाने पाहायचे, दुसऱ्याने लिहायचे. दर चौथ्या फेरीला दोघांनी एकमेकांना न विचारता वेगवेगळे मोजायचे. दोघांच्या आकड्यांतला फरक अहवालात द्यावा. तो लपवण्यापेक्षा दाखवल्याने काम भरवशाचे वाटते.

पक्ष्यांची आणि स्वतःची काळजी

पक्षी मान ताठ करून चरणे थांबवतो, मग चालत दूर जातो, मग उडतो. पहिली पायरी दिसली की तिथेच थांबा, दुसरी दिसली तर मागे या. ही अंतरे जातीनुसार बदलतात, म्हणून सगळ्यात बुजऱ्या जातीप्रमाणे आपले ठिकाण ठरवावे. सारंगागारात (बगळ्यांसारख्या पक्ष्यांच्या सामूहिक घरट्यांच्या जागेत) किंवा टिटवीच्या घरट्याच्या आसपास रेंगाळू नये. आईबाप उडाले की अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांना वाट मोकळी होते. घरट्यांची नेमकी ठिकाणे सार्वजनिक नोंदीत टाकू नयेत. ड्रोनचा मोह टाळावा: परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय बरेच पाणपक्षी त्याला शिकारी पक्ष्यासारखे बिचकतात.

एकट्याने पाण्यात उतरू नका. पाय गाळात अडकला तर ओढाओढ केल्याने तो आणखी रुततो. मागे रेलून वजन पसरवावे, काठी आडवी धरून टेकू घ्यावा आणि पाय हळूहळू हलवत सोडवावा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात जाऊ नये, लेप्टोस्पायरोसिस याच वाटेने शरीरात शिरतो. मेलेला किंवा लुळा पडलेला पक्षी हाताने उचलू नका. एकापेक्षा जास्त दिसले तर जागा, जात, संख्या टिपून वनखाते किंवा पशुवैद्यकीय विभागाला कळवा: पक्ष्यांचा फ्लू किंवा बोटुलिझम असू शकतो.

आकडे हाती आल्यावर

आठवड्यातून एक अशा ८ ते १२ फेऱ्या झाल्या की हिशेबाला बसता येते. पहिला मोह असतो सगळ्या फेऱ्यांची बेरीज करण्याचा. दहा फेऱ्यांत मिळून ६०० शेकाटे ‘दिसले’ म्हणजे तलावावर ६०० शेकाटे आहेत असे नव्हे. तेच साठ पक्षी दहा वेळा मोजले असतील. सरासरी किंवा मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्यावा, सोबत किमान आणि कमाल. एखादा मोठा थवा एकाच दिवशी आला असेल तर सरासरी फुगते, तिथे मध्यक जास्त प्रामाणिक.

दुसरे, पट्ट्याचे क्षेत्रफळ धरल्याशिवाय पसंती ठरत नाही. समजा चिखल ०.४ हेक्टर, उथळ पाणी ०.८ आणि खोल पाणी २.८ हेक्टर आहे. चरणारे शेकाटे अनुक्रमे ६, ४८ आणि ६. संख्या पाहिली तर चिखल आणि खोल पाणी सारखेच वाटतात. हेक्टरमागे काढले तर १५, ६० आणि सुमारे २. म्हणजे खोल पाण्यातले सहा पक्षी केवळ ते पाणी फार मोठे आहे म्हणून तिथे आहेत.

तिसरी चूक जास्त सूक्ष्म आहे आणि तयार अहवालांतही आढळते. ३०० पक्ष्यांच्या थव्याने एक पट्टा निवडला, तर ते ३०० स्वतंत्र निर्णय नसतात; काहींनी निवडला आणि बाकीचे मागोमाग उतरले. प्रत्येक पक्ष्याला वेगळी नोंद धरून काय-वर्ग चाचणी (दिसलेला फरक योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी सांख्यिकी चाचणी) लावली की उत्तर जवळजवळ नेहमी ‘लक्षणीय’ येते. एक सकाळ हा एकक धरावा: १० सकाळी म्हणजे १० नोंदी. पट्ट्यांची तुलना त्याच सकाळच्या आतच करावी, कारण हंगाम पुढे सरकताना पाणीही उतरते आणि स्थलांतरित पक्षीही येतात-जातात. ‘पाणी उतरले म्हणून पक्षी वाढले’ आणि ‘स्थलांतर सुरू झाले म्हणून वाढले’ हे महिन्यांच्या तुलनेतून वेगळे करता येत नाहीत.

आणि निष्कर्ष एका पाणथळीपुरताच लिहावा. ‘शेकाटे ५ ते १५ सेंटिमीटर खोली पसंत करतात’ ऐवजी ‘या तलावावर, या तीन महिन्यांत, चरणाऱ्या शेकाट्यांची घनता ५ ते १५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात सर्वाधिक होती’. मूळ तक्ता, नकाशा आणि कागदी नोंदींची छायाचित्रे अहवालासोबत जोडावीत, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याला त्याच खांबापासून, त्याच सीमांमध्ये पुन्हा मोजता येईल.